बारा बोअरची हद्द

परवा शुक्रवारी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता वाद पेटला. विषय काय, तर बंदूक! दिवसभर माऊस सोडून दुसरं काही हातात न धरणारी माणसं पिस्तुलांवर तावातावाने बोलायला लागली की मला गंमत वाटते. पण यावेळी मीच जरा जास्त तापलो, आणि रविवार सकाळ झाली तरी डोकं शांत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात झाली एका मित्राच्या अमेरिकेतल्या मेव्हण्यावरून. मेव्हणा टेक्सासात असतो. एच-वन व्हिसावर होता तोवर बंदुकीचं नाव काढायची सोय नव्हती, कारण तिथल्या केंद्रीय कायद्याने असल्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना (शिकारीच्या परवान्याची वगैरे पळवाट सोडली तर) बंदूक बाळगताच येत नाही. मग ग्रीन कार्ड आलं आणि साहेबांनी पिस्तूल घेतलं. शर्टाखाली, दिसणार नाही असं. आता त्यांचं दुःख असं की सुट्टीत बहिणीकडे न्यू जर्सीला जाताना ते कमरेला लावून जाता येत नाही. टेक्सासचं लायसन न्यू जर्सी मानत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉयही मानत नाहीत. "ड्रायव्हिंग लायसन चालतं, लग्नाचं सर्टिफिकेट चालतं, मग हेच का नाही?" इति मेव्हणा.

यावर आमच्या मित्राची पुढची उडी: "आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे? वन नेशन वन रेशन कार्ड झालं. फास्टॅग झाला. वन नेशन वन गन लायसन का नाही?"

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण आमच्या घरी एक बारा बोअर आहे, तिच्यावरची हद्द चार किलोमीटरने चुकली म्हणून माझ्या वडिलांनी चौदा महिने कोर्टाच्या तारखा केल्यात, आणि तरीही मी म्हणतो की ही हद्द असली पाहिजे. आता बोला!

आधी गाव सांगतो. उमरगा तालुका, जिल्हा धाराशिव. परवान्याच्या पुस्तिकेवर अजून 'उस्मानाबाद' असा शिक्का आहे, कारण जिल्ह्याचं नाव बदललं सप्टेंबर २०२३ मध्ये आणि पुस्तिका त्याआधीची. मुरूमच्या बाजूला आमचं घर. तिथून कर्नाटक म्हणजे एक ओढा. पावसाळ्यात पाणी असतं, उन्हाळ्यात बैलगाडी जाते. ओढ्याच्या अलीकडे आमचं बरंचसं रान, पलीकडे आळंद तालुक्यात आजीच्या माहेराकडून आलेलं तीन एकर. निजामाच्या राज्यात दोन्ही बाजू एकाच संस्थानात होत्या. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि ओढ्याच्या मधोमध रेघ आली. रेघ कागदावरच. लोक त्या बाजूला लग्नं करतात, या बाजूला बाजार करतात, एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही वापरतात. रानडुकरं तर कुठलीच भाषा न बोलता दोन्हीकडचा भुईमूग खातात.

बंदूक आबांच्या वेळची. आबा म्हणजे माझे आजोबा. एकनळी बारा बोअर, आधी चोरांच्या भीतीने घेतलेली आणि नंतर पिकाच्या राखणीला राहिलेली. १९९१ ला आबा गेल्यावर परवाना आण्णांच्या नावावर झाला. डुकरं मारायची नाहीत हे आण्णांना पक्कं माहीत. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, जंगली जनावराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आण्णा फक्त रात्री दोन बार हवेत काढायचे. डुकरं पळायची. तासाभराने परत यायची. ही शेतीची पद्धत!

२००६ चा ऑक्टोबर. पलीकडचा भुईमूग काढणीला आलेला आणि कळप रोज रात्री लोळून जायचा. आण्णांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली, मोटरसायकलला बांधली आणि ओढ्याने न जाता (पाणी होतं) रस्त्याने गेले. पलीकडच्या एका नाक्यावर गाड्या बघणं चालू होतं. आण्णांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "बंदूक आहे साहेब. लायसनची आहे." पुस्तिका काढून दिली, थोड्या अभिमानानेच. त्या माणसाने शांतपणे पान उलटलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. परवान्याचं क्षेत्र: महाराष्ट्र राज्य.

बस. बंदूक मुद्देमालात जमा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३०, परवान्याच्या अटीचा भंग. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चौदा महिने तारखा, शेवटी गुन्हा कबूल, दंड भरून सुटका. तिकडून बंदूक सोडवून आणली तोवर इकडून नोटीस आलेली: आपला परवाना रद्द का करू नये? तिचंही उत्तर दिलं. परवाना वाचला. भुईमूग अर्थातच वाचला नाही.

मी तेव्हा पुण्यात नवा नवा नोकरीला लागलेलो. मला प्रचंड राग आला होता. स्वतःहून सांगणाऱ्या माणसाला पकडता? चार किलोमीटरसाठी? मित्राच्या मेव्हण्याइतकाच, किंबहुना जास्तच रागावलो होतो मी. म्हणून माझ्यावर 'तुला काय कळतंय' असा आरोप करू नका, मी त्या बाजूला राहून आलोय.

फिलाडेल्फियाच्या शनीन ॲलनची गोष्ट वाचली तेव्हा मला आण्णाच आठवले. २०१३ मध्ये ही दोन मुलांची आई, पेनसिल्व्हेनियाचं रीतसर लायसन असलेली, पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली. ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं तर तिने आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, हे बघा लायसन. ते तिथे चालत नव्हतं. काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर आली. मोठा गाजावाजा झाल्यावर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. बंदूकवाल्यांची लॉबी तेव्हापासून ही गोष्ट सांगून म्हणते की एका राज्याचं लायसन सगळ्या राज्यांनी मानावं असा कायदा करा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तसं विधेयक प्रतिनिधीगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी पास झालं, सिनेटमध्ये अडकलं. २०२५ मध्ये पुन्हा मांडलं गेलं.

गोष्ट खरी, अन्याय खरा. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा, असं माझं म्हणणं. का ते सांगतो.

ड्रायव्हिंग लायसनचं उदाहरण सगळे देतात. पण ड्रायव्हिंग लायसन काय सांगतं? तुम्हाला गाडी चालवता येते. क्लच उमरग्यातही डाव्या पायाखाली असतो आणि पाटण्यातही. ते कौशल्याचं सर्टिफिकेट आहे, म्हणून ते फिरू शकतं. बंदुकीचा परवाना मुळात कौशल्याचा नाही. (२०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली, पण तो मुख्य मुद्दा नाही.) परवाना दोन गोष्टी सांगतो: या माणसाला बंदुकीची गरज आहे, आणि या माणसाच्या हातात ती देणं धोक्याचं नाही. गरजेला पत्ता असतो. आण्णांची गरज गट नंबरसकट सांगता येते. आणि माणूस धोक्याचा आहे की नाही हे कोण सांगणार? आमच्याकडे पोलीस पाटील सांगतो, बीटवरचा हवालदार सांगतो. कुणाचं कुणाशी बांधावरून भांडण आहे, कोण प्यायल्यावर बायकोला मारतो, कुणाचा पोरगा कुठल्या पुढाऱ्याच्या गाडीत फिरतो, हे त्यांना माहीत असतं. ते ठाण्यातून कलेक्टर कचेरीत जातं आणि जिल्हादंडाधिकारी सही करतो. ही सही म्हणजे एका ठिकाणच्या लोकांनी एका माणसाबद्दल घेतलेला निर्णय. तो निर्णय दुसऱ्या गावच्या लोकांवर परस्पर कसा लादणार?

आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल साइन-ऑनचा प्रश्न आहे. तुमची सिस्टीम दुसऱ्या पन्नास सिस्टीमचे लॉगिन डोळे झाकून मान्य करायला लागली की तुमची सुरक्षा तुमच्या हातात राहत नाही. पन्नासात जी सगळ्यात ढिली, तिच्या हातात जाते. आणि हल्लेखोर नेमका तिथूनच येतो, हे प्रॉडक्शनमध्ये एकदा तरी हात पोळलेल्या माणसाला सांगायला नको.

अमेरिकेत हे दार युटाने उघडून ठेवलंय. युटात न राहणाऱ्यालाही युटाचं लायसन मिळतं, क्लाससुद्धा आपल्याच राज्यात बसून मान्यताप्राप्त शिक्षकाकडे करता येतो, बोटांचे ठसे आणि अर्ज पाठवायचा. युटा न बघता युटाचं लायसन, आणि ते तिसाहून अधिक राज्यं मानतात. तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेत झालं, आपल्याकडे असं कुठे होणार?

झालंय की! आपलं युटा म्हणजे जम्मू-काश्मीर. सीबीआयच्या म्हणण्यानुसार २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून २ लाख ७८ हजारांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेले. प्रकरण उघडकीला आणलं राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ मध्ये. दोन आयएएस अधिकाऱ्यांना २०२० मध्ये अटक झाली. आरोप हा की बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना, दलालांमार्फत, पैसे घेऊन परवाने वाटले. आता गृह मंत्रालयाचे २०१६ अखेरचे आकडे शेजारी ठेवून बघा. देशात एकूण सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने. उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार. दुसऱ्या नंबरवर कोण? जम्मू-काश्मीर, ३ लाख ६९ हजार. आणि आपला अकरा-बारा कोटींचा महाराष्ट्र? ८४ हजार. जम्मू-काश्मीरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटी होती. तिथे अशांतता आहे, मान्य. पण बाहेरचा माणूस तिथून परवाना घेतो तो काही तिथे राहायला नव्हे. तो परवाना तिथून निघून आपल्याकडे एटीएमच्या आणि सोनाराच्या दुकानाच्या दारात उभा राहतो. परवान्यावर लिहिलेलं असतं 'स्वसंरक्षणासाठी', आणि संरक्षण चाललेलं असतं दुसऱ्याच्या सोन्याचं. असो.

आता आपल्याकडची हद्द नेमकी कशी चालते हे थोडक्यात, कारण कॅन्टीनमध्ये एकालाही माहीत नव्हतं. जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या सहीचा परवाना साधारणतः राज्यापुरता. त्यापलीकडे न्यायचा असेल तर प्रकरण जिल्ह्याच्या टेबलावर मिटत नाही, वर राज्य सरकारकडे जातं. संपूर्ण भारतासाठीच्या परवान्याबद्दल केंद्राने २०१० मध्ये धोरण ठरवून दिलं: खासदार-मंत्री, लष्कर आणि निमलष्करी दलाचे लोक, अखिल भारतीय सेवेतले अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकणारे अधिकारी, नेमबाज खेळाडू. बाकीच्यांना सहजासहजी नाही. आणि तुम्ही परवाना घेऊन दुसरीकडे तीस दिवसांपेक्षा जास्त राहायला गेलात, बंदूक सोबत नेलीत, तर नव्या जागेच्या अधिकाऱ्याला कळवायचं, जुन्यालाही कळवायचं, मागितली तर बंदूक समोर नेऊन ठेवायची. ही अट माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणी अट आहे, आणि सगळ्यात कमी पाळली जाणारी.

अमेरिकेतल्यासारखं 'लपवून बाळगण्याचं' वेगळं लायसन आपल्याकडे नाहीच. उलट २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर ती झाकूनच न्यावी लागते. थोडक्यात आण्णांचं गोणपाट बरोबर होतं, रस्ता चुकला! आणि वरातीत हवेत बार काढून त्याचे रील टाकणाऱ्यांनी २०१९ ची दुरुस्ती वाचावी, त्या मर्दुमकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

अट पाळली नाही तर काय होतं? ८ फेब्रुवारी २०२४. दहिसर. मॉरिस नोरोन्हाने अभिषेक घोसाळकरांना आपल्या ऑफिसात बोलावलं, फेसबुक लाइव्ह चालू केलं, आणि गोळ्या घातल्या. मग स्वतःला. तो व्हिडिओ आपल्यापैकी किती जणांनी ऑफिसात बसून बघितला असेल! पण पिस्तूल कुणाचं होतं हे कितींना आठवतं? पिस्तूल मॉरिसच्या अंगरक्षकाचं. परवाना उत्तर प्रदेशातल्या फूलपूरचा, २००३ सालचा. मुंबईत त्याची नोंद केलेली नव्हती, असं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे एका माणसाला वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या कचेरीने 'तुझ्या संरक्षणासाठी घे' म्हणून दिलेलं शस्त्र, मुंबईत नोकरीसोबत आलं आणि मालकाच्या ताब्यात गेलं. नोंद झाली असती तर मुंबईतल्या कुणीतरी निदान एवढं विचारलं असतं की बाबा, तू कुणाकडे कामाला आहेस? त्याने जीव वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण विचारायची जागा तीच होती, आणि 'वन नेशन'वाले नेमकी तीच जागा बुजवायला निघालेत.

"पण मग स्थानिक परवाने तरी काय लायकीचे असतात?" हा प्रश्न मित्राने विचारला आणि तो बिनतोड होता, हे कबूल करतो. आमच्या शेजारचा बीड जिल्हा घ्या. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, आणि मग अचानक सगळ्यांना दिसलं की जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने आहेत. कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणारे, हवेत बार काढणारे सगळे एकेक करून टीव्हीवर यायला लागले. मग प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. मग आधी दिले कसे? पोलीस पाटील, बीट हवालदार, सगळी माहिती होतीच ना? होती. माहिती नसल्यामुळे नव्हे, माहिती असूनही दिले गेले.

बरोबर आहे. स्थानिक निर्णय सडू शकतो. पण मला सांगा, बीडच्या परवान्यांवर 'संपूर्ण भारत' असा शिक्का असता तर? आज निदान बीडचा जिल्हाधिकारी ते रद्द करू शकला, कारण लाज बीडला वाटली, मोर्चे बीडला निघाले, प्रश्न बीडच्या लोकांनी विचारले. फूलपूरच्या परवान्यासाठी दहिसरचा माणूस कुणाच्या दारात मोर्चा नेणार?

आता आमच्या काकांकडे येतो. हे प्रकरण कॅन्टीनपेक्षा अवघड.

आण्णांना या जूनमध्ये सत्तर पूर्ण झाली. नियम असा की परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, की तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. (पंचवीस वर्षं आमची कधीच झाली होती, पण आमच्याकडे नियम कळतो तो कचेरीत कुणीतरी चुकून सांगितल्यावर.) वारस मी. काकांचा फोन आला, "आता तू नावावर करून घे. आन् करतोच हायस तर सगळा भारत मारून घे त्याच्यावर. तू शिकलेला माणूस, तुला कोण नाही म्हणतंय?"

मी म्हटलं, "काका, कशाला?"

"कशाला म्हंजे? अरं, आपल्या लोकांनी रजाकाराच्या टायमाला हद्द ओलांडून हत्यारं नेली. तवा कुणी लायसन इचारलं का?"

हा काकांचा हुकमाचा एक्का. आणि खोटा नाही. १९४७-४८ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या सीमेवर, सोलापूरच्या बाजूला, स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. तिकडून माणसं आणि हत्यारं निजामाच्या हद्दीत यायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या त्या आमच्या नळदुर्गातूनच. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हद्द हा शब्द अजून वेगळ्या वजनाने येतो. पण काका, तेव्हा समोर राज्य होतं ते रजाकारांना आवरत नव्हतं. आज हद्दीपलीकडे कोण आहे? आजीच्या माहेरचे लोक आहेत. डुकरं आहेत. त्यांच्याशी लढायला सगळा भारत कशाला?

खरं सांगायचं तर 'सगळा भारत' काकांना बंदुकीसाठी नकोच आहे. तो शिक्का त्यांना पुस्तिकेवर हवाय. आमच्या भागात परवाना हे हत्यार कमी आणि पदवी जास्त. लग्नात, पंचायतीत, कुणाच्या तरी ओसरीवर बसताना ती पदवी कामाला येते. बीडमध्ये तरी वेगळं काय झालं होतं? १८७८ मध्ये इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला तेव्हा गोऱ्यांना परवाना लागत नव्हता, आपल्याला लागायचा. बंदूक म्हणजे मान, हे गणित तेव्हापासूनचं असावं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सुनावताना स्पष्ट म्हटलं की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही. पण मान हवा असणाऱ्याला हक्काशी कर्तव्य नसतं.

मग हद्दीवरच्या शेतकऱ्याने काय करायचं? आण्णांसारख्यांची अडचण खोटी नाही, आणि तिचं उत्तर मला सोपं वाटतं. ज्याचं रान दोन राज्यांत आहे त्याला दोन्हीकडचे सातबारे (पलीकडे त्यांचा जो काही उतारा असेल तो) बघून, शेजारच्या एका तालुक्यापुरती, एका हंगामापुरती परवानगी दोन जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून द्यावी. वर फाईल जायची गरजच नाही. पलीकडच्या ठाण्याला माहीत असलं पाहिजे की अमुक माणूस अमुक महिन्यात येणार, त्याच्याकडे एकनळी आहे, तो डुकरं हुसकावतो. हे झालं हद्दीवरच्यांचं. नोकरीसाठी बंदूक घेऊन येणाऱ्यांचं उलट: इथल्या ठाण्यात नोंद झाल्याशिवाय, मालकाचं नाव लिहिल्याशिवाय, बाहेरचा परवाना इथे चालू धरायचाच नाही. परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, प्रत्येक परवान्याला युनिक नंबर आहे. नंबर टाकला की क्षेत्र, नोंद, मालक, सगळं नाक्यावरच्या माणसाच्या मोबाईलवर दिसावं. आपल्यातला कुठलाही बरा डेव्हलपर सांगेल, दोन स्प्रिंटचं काम आहे. (बरं, सरकारी काम म्हणून सहा धरा.) आणि २०१९ मध्ये परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली ती परत खाली आणा. पाच वर्षांत माणूस काय, अख्खी टीम बदलते.

राहता राहिलो मी. आणि इथे माझाच युक्तिवाद माझ्या अंगावर येतो.

मी बंदूक नावावर करून घेतली तर अर्ज कुठे करणार? मी राहतो वाकडला. म्हणजे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय. तिथलं ठाणं माझ्याबद्दल चौकशी करणार ती कुणाकडे? आमच्या सोसायटीत बाराव्या मजल्यावर माझ्या शेजाऱ्याला माझं आडनाव माहीत नाही. मला त्याचं माहीत नाही. मी रात्री दोन वाजता कॉलवर कुणावर ओरडतो, मागच्या वर्षी दोन महिने झोपेच्या गोळ्या का घेत होतो, हे त्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नाही. सेक्युरिटीचा माणूस सांगेल, "साहेब चांगले आहेत, गाडी नीट लावतात." एवढ्यावर सही होईल. माझी पगाराची स्लिप बघून तर नक्कीच होईल. मग मी जगभर सांगत फिरणार की माझ्याबद्दल स्थानिक निर्णय झालाय! आणि बंदूक वाकडला ठेवून करणार काय? गावाकडे ठेवली तर परवाना माझा, बंदूक आण्णांच्या कपाटात, हे तर दहिसरपेक्षा फारसं वेगळं नाही.

काल रात्री आण्णांना फोन केला. म्हटलं, मी नावावर करून घेत नाही. तुमची मुदत आहे तोवर ठेवा, नाहीतर आत्ताच परवाना परत करून बंदूक जमा करू. मला वाटलं चिडतील. पलीकडचं रान गेल्या वर्षीपासून तिथल्याच एकाला बटईने दिलंय, त्याने सौर कुंपण केलंय, डुकरं आता म्हणे आमच्या बाजूला जास्त येतात.

आण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काकाला तूच सांग. मी नाही सांगणार." आणि थोड्या वेळाने, "शनिवारी यायलास का? द्यायचीच तर तेलपाणी करून, नळी पुसून द्यावी लागंल. आबांची हाय."

शनिवारचं शिवाजीनगर ते उमरगा एसटीचं तिकीट काढलंय.